धोंडूभाऊ आणि सरकणारी रेघ

माझ्यावर सगळ्यात जास्त उपकार कुणाचे असतील तर ते धोंडूभाऊंचे. ते गेल्याचं कार्ड त्यांच्या मुलीनं, सुमननं, टाकलं होतं. मला मिळालं तोवर दहावा होऊन गेला होता. त्याला आता दीड महिना झाला.

माझे वडील कामशेतला भाताच्या गिरणीत हमाल. घरात मॅट्रिकच्या पुढे गेलेला मी पहिलाच. बी.एस्सी. झालो तरी वर्षभर घरीच बसून होतो. पवनेचं धरण नुकतंच भरू लागलं होतं, तेव्हाची ही गोष्ट. लोणावळ्याजवळच्या एका रसायनांच्या कारखान्यात धोंडूभाऊ प्रयोगशाळेतली गॅसची सिलिंडरं बदलायचे, नळ्यांचे सांधे आवळायचे. वडिलांच्या ओळखीवर त्यांनी माझा अर्ज चीफ केमिस्टच्या हातात नेऊन दिला आणि मला नोकरी लागली. कार्ल्याला स्वतःच्या घरी, ओटीवर, राहायला जागाही दिली; त्यांच्या बायकोला मी मावशी म्हणायचो. सकाळी आम्ही एकाच बसनं जायचो. घरी ते मला ‘बाळू’ म्हणत, कारखान्याच्या फाटकातून आत शिरलो की ‘साहेब’.

माझ्याकडे गॅस क्रोमॅटोग्राफ होता. तापलेल्या पेटीतल्या लांब नळीतून वायूबरोबर द्रावक जातं, त्यातले घटक वेगळे होतात आणि रेकॉर्डरचा पेन कागदावर त्यांचे डोंगर काढतो. काही जात नसेल तेव्हा पेननं सरळ रेघ ओढायची. तिला बेसलाईन म्हणतात. तीच सरळ नसेल तर डोंगरांची मापं खोटी. त्या आषाढात माझी रेघ सरकायला लागली. सकाळभर पेन हळूहळू खाली घसरायचा आणि दुपारी आपोआप थांबायचा. मी द्रावक टोचायच्या तोंडाची रबरी चकती बदलली, कॉलम म्हणजे ती लांब नळी दिवसभर भाजून काढली, वायूचा वेग पुन्हा पुन्हा मोजला... काही फरक नाही. माझ्या रिपोर्टवाचून माल अडकू लागला, आणि मी अजून प्रोबेशनवर होतो.

गॅस गळत असला तरी रेघ सरकते. गळती शोधायला धोंडूभाऊ रिठ्याचा फेस वापरत. प्रत्येक सांध्यावर कुंचल्यानं फेस लावून डोळे बारीक करून बघत बसत. “हितं बुडबुडा न्हाई, साहेब. गॅस कुटनंच जात न्हाई.” मग त्यांची नजर मशीनवर गेली. फाटकापर्यंत येईतो माझा सदरा ओलाचिंब व्हायचा. मी अंगात प्रयोगशाळेचा कोट चढवून सदरा मशीनच्या गरम झाकणावर पसरायचो. ते हसले. “यंत्र लय गुणाचं हाय. रेघा बी काढतंय अन् कापडं बी वाळवतंय.”

दोन दिवसांनी चीफ केमिस्ट मशीनपाशी येऊन म्हणाले, “कारण सांगा, नाहीतर तुमच्या जागी दुसरा बघतो.” मी लॉगबुकात लिहिलं : सिलिंडरचे सांधे नीट आवळलेले नाहीत. सिलिंडर हायड्रोजनचं होतं. गळती म्हणजे स्फोटाची भीती.

“काय रे धोंडू?” चीफ केमिस्टसाहेबांनी विचारलं.

धोंडूभाऊंनी एकदा माझ्याकडे बघितलं. “ऱ्हायलं असंल, साहेब.”

दुसऱ्या दिवसापासून त्यांना बेन्झिनच्या शेडमध्ये घातलं.

पुढे तीन-चार दिवस उघडीप मिळाली. सदरा कोरडाच होता, रेघही सरळ. पाचव्या दिवशी पुन्हा पाऊस. मी सदरा पसरला आणि माझ्या डोळ्यांदेखत पेन घसरायला लागला. ओलं कापड झाकणाखालचा डिटेक्टर, म्हणजे पेनला हलवणारा भाग, गार करत होतं. कापड वाळलं की रेघ थांबत होती. एवढंच होतं ते. मी सदरा उचलला. साहेबांची केबिन दहा पावलांवर होती. पण महिनाअखेरीस मला कायम करायचं की नाही ते ठरणार होतं... मी लॉगबुकात लिहिलं : सांधे बदलले, दोष दूर. संध्याकाळी बसमध्ये धोंडूभाऊंनी माझ्यासाठी जागा धरून ठेवली होती. त्यांच्या कपड्यांना बेन्झिनचा गोडसर वास येत होता.

मी कायम झालो. पुढे गुजरातेत याहून चांगली नोकरी मिळाली. धोंडूभाऊ मात्र त्या शेडमध्येच राहिले. गेल्या वर्षी भेटायला गेलो, तर ते त्याच ओटीवर पडलेले, कागदासारखे पांढरे. बोलताना हिरड्यांतून रक्त येत होतं. बेन्झिनच्या वाफेमुळे अंगात रक्तच तयार होत नाही, असं डॉक्टरांनी सांगितलं होतं. मग ते म्हणाले, “तितं सदरा वाळतो का रं, बाळू?”

मी खाली बघितलं. त्यांनी मान वळवली. “सुमे, बाळूला च्या टाक.” त्यांना सगळं तेव्हापासून ठाऊक होतं. कदाचित रिठ्याचा फेस लावत होते त्या दिवसापासूनच.

आता समाचाराला गेलो तेव्हा सुमननं त्यांचा रिठ्याचा पत्र्याचा डबा माझ्यापुढे ठेवला. आत कडक झालेला कुंचला, आणि घड्यांवर फाटत आलेलं माझं पत्र. गुजरातेत गेल्यावर पाठवलेलं, त्यांना लिहिलेलं एकुलतं एक.

“कुणी शिकल्यालं आलं की आबा वाचाया लावायचे,” ती म्हणाली. “वाचून झालं की म्हनायचे, एवढंच हाय का? मागल्या अंगाला काय लिवलंय का बघा.”

मागची बाजू कोरी आहे. पुढच्या बाजूला आहे ते असं :

‘तीर्थस्वरूप धोंडूभाऊंस कृ. सा. नमस्कार. मी येथे सुखरूप पोचलो. राहायला खोली मिळाली. नवे मशीन माझ्या ताब्यात दिले आहे. तुमच्यामुळे मी माणसांत आलो, हे जन्मभर विसरणार नाही. प्रकृतीस जपावे. मावशींना नमस्कार, सुमनला आशीर्वाद. इकडे पाऊस फारसा नाही. बेसलाईन सरळ येते. आपला, बाळू.’