मोहाखालचा लाल देव

आमच्या गावातला सगळ्यात नवा देव मी बसवला. त्या वेळी मी कट्टर नास्तिक होतो.

स्वातंत्र्याला सात-आठ वर्षं झाली असतील. नागपूरच्या कॉलेजात दोनदा नापास होऊन मी पोंभुर्ण्याजवळच्या आमच्या गावी परतलो, तो मार्क्सवादी होऊनच. (नापास होण्यात भांडवलशाहीचा हात होता, असं मी मायला पटवलं होतं!) पक्षाला तालुका चिटणीस हवा होता आणि मला ती जागा हवी होती. म्हणून मी नागपूरच्या कॉम्रेडना पत्र धाडलं, "गाव अंधश्रद्धेतून पूर्ण मुक्त केलं आहे, येऊन पाहावं." आणि वेशीवरच्या मोहाच्या झाडाला पक्षाचा लाल झेंडा बांधून मोकळा झालो.

आता आमच्याकडे झाडाला लाल झेंडा दिसला की खाली देव असायचाच, हे शेंबड्या पोरालाही ठाऊक. मलाच तेवढं आठवलं नाही!

दुसऱ्याच दिवशी मायची हरवलेली शेळी नेमकी त्या झाडाखाली मोहफुलं खाताना सापडली. मायनं तिथल्या तिथं धोंडा मांडला, शेंदूर फासला आणि नारळ फोडला.

"माय, तो पक्षाचा झेंडा आहे!"

"मंग पक्षाचा देव असन. शेळी तं त्यानंच देल्ली ना?"

"अगं, देव नसतोच!"

"हळू बोल, आयकून राह्यला तो!"

आठवडाभरात झाडाला घंटा लागली. मी तावातावानं शेंदूर पुसायला गेलो, तर लोकांना वाटलं, हाच पुजारी. माझ्यापुढे पाच केळी ठेवली. (भूक लागली होती. खाल्ली.)

आणि अशात छकड्यातून कॉम्रेड आले! झाडाखाली ही गर्दी. मायनं पुढं होऊन त्यांना अडवलं.

"वहाणा काढा भाऊ. झेंड्यापाशी वहाणा घालून कोणी जात नाई."

कॉम्रेड गहिवरले. "झेंड्याचा एवढा मान?" म्हणत त्यांनी वहाणा काढल्या आणि झेंड्याकडे पाहून मूठ उगारली. या देवाला असाच नमस्कार करतात वाटतं, म्हणून अख्ख्या गावानं मुठी उगारल्या!

मग त्यांची नजर खाली गेली. "हा शेंदूर कसला?"

"रंग आहे, कॉम्रेड. झेंड्याला जुळणारा."

ते वाकून धोंडा निरखायला लागले. चिटणीसपद गेलं! मी झाडामागं सटकलो, डोळे मिटले आणि पुटपुटलो, "बाबा, एवढ्यातून सोडव, कोंबडा देईन."

कॉम्रेड उठले. म्हणाले, "झेंड्याखालचा धोंडासुद्धा लाल रंगवला! अशी निष्ठा मी नागपुरातही पाहिली नाही!" आणि तिथंच मला चिटणीस केलं.

त्यांचा छकडा वळणाआड गेला तशी माय म्हणाली, "कोंबडा कवा देतं मंग?"

"कोणता कोंबडा?"

"झाडामांगं बोल्ला तो. मी बाजूलेच होती."

क्रांतीत रक्त सांडतं, असं मी गावभर सांगत फिरलो होतो. आमच्या गावी ते खरोखर सांडलं. कोंबड्याचं होतं, आणि सुरी माझ्या हातात होती!