स्पार मोडला तो दिवस

मार्तंड गुप्ते अंधेरीचा. त्रेपन्न साली इंजिनिअर झाला आणि सांताक्रूझच्या विमानतळाजवळ एका खासगी कारखान्यात लागला. तिथे जुनी विमानं दुरुस्त होत. दुरुस्त केलेला भाग हवेत किती भार सोसेल, तुटला तर कुठे तुटेल, याचा हिशेब मांडणं हे त्याचं काम. आई शेजारणींना सांगायची, "आमचा मार्तंड विमान मोडू देत नाही."

वर्षभरातच सगळं फिसकटलं. शेपटीच्या एका ब्रॅकेटसाठी त्याने जाड पत्रा सांगितला होता. वजन वाढतं म्हणून त्याचे वरिष्ठ अनंत दळवी यांनी परस्पर पातळ पत्रा लावायला लावला. चाचणीला वाळूच्या गोण्या रचल्या तसा ब्रॅकेट वाकला. मालक समोरच उभे होते. दळवी म्हणाले, "या पोराला साधा गुणाकार येत नाही. मीच विश्वास टाकला, माझं चुकलं."

मार्तंडला काढून टाकलं. दुसरीकडे अर्ज करावा, तर दळवींचा शब्द तिथे आधीच पोचलेला असे.

तो गोरेगावला शाळेत गणित शिकवू लागला. बहीण कुंदा म्हणायची, "सोड ना रे आता."

"त्याला चारचौघांत नागडा केला की सोडीन."

विमानांच्या ताकदीवर मिळेल ते पुस्तक तो वाचत राहिला. प्रत्येक पानावर त्याला दळवी दिसायचे.

पुढे विमानांच्या सरकारी तपासणी कार्यालयात त्याला जागा मिळाली, आणि दळवींच्या कारखान्याचा एक स्पार, म्हणजे विमानाच्या पंखाचा मुख्य कणा, मंजुरीसाठी त्याच्याकडेच आला. मार्तंडने चूक सापडावी म्हणून हिशेब पुन्हापुन्हा तपासला. चूक नव्हती. याचाच त्याला जास्त संताप आला.

"चाचणी घेऊ," तो म्हणाला.

कारखान्यात सगळे जमले. स्पारवर गोण्या चढू लागल्या. हवा तेवढा भार पुरा झाला; स्पार पक्का होता. दळवींनी रुमालाने कपाळ पुसलं.

"चढवा अजून," मार्तंड म्हणाला.

"गुप्ते, अहो, पास झालाय तो!"

"ब्रॅकेटचा पातळ पत्रा कुणी लावला होता, दळवीसाहेब?"

दळवींनी मालकांकडे पाहिलं. गोण्या चढत राहिल्या. स्पार करकरला, तेव्हा ते ओरडले, "मी! मी लावायला लावला. पोराची काही चूक नव्हती. आता थांबवा!"

मालकांनी ऐकलं. कामगारांनीही ऐकलं. मार्तंडने दळवींच्या डोळ्यांत पाहिलं.

"अजून एक गोणी."

स्पार मधोमध मोडला. आवाज साऱ्या शेडभर घुमला.

"पास," मार्तंड म्हणाला. "पण हा आता विमानाला लावता येणार नाही. दुसरा बनवा."

तो बाहेर पडत असताना सहदेव नावाचा फिटर आडवा आला. त्या स्पारचा एकेक रिव्हेट त्याने स्वतः ठोकला होता.

"साहेब, तुमचं भांडण त्यांच्याशी ना? मग माझं काम कशाला मोडलंत?"

मार्तंड त्याला वळसा घालून निघून गेला. पुढे तक्रार झाली आणि त्याची बदली कलकत्त्याला झाली. दळवींनी नोकरी सोडल्याचं त्याला तिथे कळलं, त्या दिवशी त्याने सगळ्या ऑफिसला पेढे वाटले. सहदेवच्या प्रश्नाबद्दल मात्र तो कुंदाशीदेखील कधी बोलला नाही.