पुलाच्या चढावर वडिलांची मोटार

आधी घटनाक्रम आणि जबाबदार व्यक्ती. पोळ्याच्या दुसऱ्या दिवशी माझ्या वडिलांच्या जुन्या मोटारीचे इंजिन खोलले गेले. जबाबदार, शालिक मिस्त्री. दिवाळीच्या पाडव्याला ते नवे करून बसवले गेले, जबाबदार, तोच. तुळशीच्या लग्नानंतरच्या पहिल्याच मुहूर्तावर माझ्या मुलाची वरात पवनीहून दिघोरीला निघाली असता वैनगंगेच्या पुलाच्या चढावर मोटार बंद पडली. जबाबदार, शालिक मिस्त्री, माझे मेहुणे गुलाबराव (वजन) आणि माझी पत्नी (निघताना भावाला पुन्हा पुन्हा वाढल्याबद्दल).

माझी तक्रार पोळ्याच्या आधीपासून सुस्पष्ट आणि लेखी होती: ‘रिकामी मोटार उत्तम धावते, माणसे बसून चढ लागला की दम टाकते.’ मिस्त्री प्रत्येक वेळी गावाला चक्कर मारून यायचा आणि म्हणायचा, “काकाजी, गाडी तं हरणावानी पळून राहिली! तुमाले कोठी दिसते खराबी?”

त्याच्याकडे मोटार सोपवताना मी टाकीच्या झाकणावरची लाखेची मोहर स्वतः तोडून, काठीने पेट्रोल मोजत असे. घरी परतल्यावर पुन्हा मोजून, दोन पंचांसमक्ष नवी मोहर लावत असे. (पेट्रोलची चोरी सिद्ध करणे फार कठीण असते!)

तर, पूल. चढाच्या मध्यावर मोटारीने दोन आचके दिले आणि ती थांबली. मी चालकाच्या जागेवरूनच कार्यवाही सुरू केली. प्रथम आहेराची पितळी भांडी उतरवली. मोटार हलली नाही. मग आत्याबाईंना उतरवले. तरीही नाही.

“गुलाबराव, आपण उतरावे.”

“मीच काहून जी, भाऊजी?”

“हे व्यक्तिगत घेऊ नका. हा वजनाचा प्रश्न आहे.”

“माह्या भावाच्या ताटावर नजर हाय तुमची!” मागून पत्नी कडाडली. “तिकडून पोरीच्या बापाचा फोनावर फोन येऊन राहिला. मुहूर्त टळला तं भटजी निंगून जाते. त्याले अजून दुसरं लगन लावाचं हाय!”

मी नाइलाजाने नवरदेवाला मोटार ढकलण्याचे आदेश दिले. बाशिंग सावरत त्याने खांदा लावला. खाली नदीत ढिवर आपल्या डोंग्यांतून, म्हणजे लहान होड्यांतून, जाळी टाकत होते. त्यांची मासेमारी तात्काळ थांबली.

“पाय बे, नवरदेवच गाडी ढकलून राहिला!”

“काकाजी, नवऱ्याले डोंग्यात बसवा! आमाले चढ नाही लागत!”

मी काच वर केली. (ती अर्ध्यावर अडकली. जबाबदार, मिस्त्री.)

“पेट्रोल तरी हाय का टाकीत?” असे म्हणत गुलाबरावांनी खाली उतरून रस्त्यावरचा दगड उचलला.

“थांबा! पंचांशिवाय मोहर तोडता येत नाही!” मी धावत मागे गेलो. पण दगड बसला होता. झाकण फिरले आणि टाकीने ‘फुस्स’ करून असा दीर्घ श्वास घेतला, की आत्याबाईंनी हात जोडले!

झाकणाला केसाएवढे छिद्र असते, त्यातून टाकीत हवा गेली तरच पेट्रोल पुढे सरकते, चढावर तर ते अधिकच लागते, आणि ते छिद्र गेले काही महिने माझ्या मोहरेखाली होते, हे मला मागाहून समजले. त्या क्षणी मी पुलावर ओणवा होऊन लाखेचे तुकडे गोळा करत होतो. पुरावा नष्ट होऊ देणे हा गुन्हा आहे!

दरम्यान गुलाबराव माझ्या जागेवर बसले. इंजिन गरजले. भांडी चढली, आत्याबाई चढल्या, नवरदेव चढला. “चल, काढ!” असा आवाज आला, आणि मोटार संपूर्ण भारासह तो चढ हरणासारखी चढून गेली. मी वगळून.

मी धानाच्या पोत्यांवर बसून ट्रॅक्टरने दिघोरीला पोहोचलो, तेव्हा मंगलाष्टके आटोपून पंगत उठत होती. सुनेने पाया पडताना मुलाला हळूच विचारले, “हे कोण जी?”

म्हणून माझी मागणी एकच आहे. वराचा जन्मदाता पिता पुलावर ओणवा असताना “चल, काढ!” हा आदेश कोणी दिला, याचे उत्तर संबंधित व्यक्तीने चारचौघांत, जाहीरपणे द्यावे. आवाज बाईमाणसाचा होता, एवढे मी खात्रीने सांगू शकतो. हा प्रश्न घरी विचारता आला असता, असे कोणी म्हणेल. त्याने तो आधी माझ्या घरी येऊन विचारून दाखवावा. मी बाहेर ओसरीवर थांबतो!