शून्य, स्वल्पविराम, मग नंबर

नव्वदच्या दशकाच्या मध्यावर मी नागपूरहून बेंगळुरात, कोरमंगलातल्या एका छोट्या सॉफ्टवेअर कंपनीत आले, तेव्हा तिथल्या सर्व्हरवर एक फाइल होती. तिच्यात कुणीही काहीही लिहावं. अमुक एरर आली तर तमुक करा, हा प्रिंटर थोपटल्याशिवाय चालत नाही, वगैरे. लिहिणाऱ्याने नाव द्यायची पद्धत नव्हती. आम्हा पोरासोरांचा तो वेद होता. साहेबांच्या मते त्या बाजारगप्पा होत्या. साहेब तीन पिढ्या बेंगळुरात मुरलेले मराठी. "ऐकीव गोष्टींवर मशीन चालवतात होय?" म्हणून ते रोज एकदा तरी करवादायचे.

मला त्यांनी महिनाभरासाठी घेतलं होतं. जमलं तर कायम, नाहीतर परत नागपूर. तिसरा आठवडा चालू होता आणि मला परत जायचं नव्हतं, अजिबात नव्हतं! ऐन मे महिन्यात दुपारी रस्त्याने चालता येतं, हे नागपूरकराला एकदा कळलं की तो बिघडलाच.

त्यातच मोडेम रुसला. मुंबईच्या गिऱ्हाइकाला फोनच्या लाइनवरून प्रोग्राम पाठवायचा होता. बाहेरची लाइन घ्यायला आधी शून्य फिरवावं लागे. ते दिलं, नंबर दिला, तरी लागेना. शेवटी मी टेलिफोन बोर्डवर बसणाऱ्या अक्कांना गाठलं. त्यांच्या तोंडात चित्रान्नाचा घास होता. एक हात उभा धरून त्या म्हणाल्या, "झीरो ओत्ती. स्वल्प... आमेले नंबर."

माझं कन्नड तीन आठवड्यांचं. झीरो दाबा, हे कळलं; मग नंबर, हेही कळलं. राहिला स्वल्प. मराठी शाळेत शिकलेल्या माणसाला स्वल्प म्हटलं की पुढे विरामच दिसतो. अक्कांना कॉम्प्युटरमधलं एवढं कळतं! मी पळत आले, शून्यापुढे स्वल्पविराम टाकला, आणि मोडेम किंचाळला. लाइन लागली! मी खुर्चीसकट दोन गिरक्या घेतल्या आणि फाइलमध्ये ठोकून दिलं: 'शून्यानंतर कॉमा द्यावा. खात्रीचा उपाय.'

दोन दिवसांनी साहेब मोडेमचं मॅन्युअल घेऊनच बाहेर आले.

"हा कॉमा कुणी लिहिला?"

सगळ्यांनी इमानदारीत माझ्याकडे बोट दाखवलं.

"शाबास! मी चूक दाखवायला म्हणून हे उघडलं, तर आत मुंगीएवढ्या अक्षरात लिहिलंय, कॉमा म्हणजे दोन सेकंद थांब. बाहेरची लाइन यायला तेवढा वेळ लागतोच. मॅन्युअल वाचणारी मुलगी आज पाहिली. तुला कायम केलंच समज."

इथे शहाण्या मुलीने मान खाली घालून थँक्यू म्हटलं असतं. माझ्या जिभेला हाड नाही.

"मॅन्युअल नाही सर, अक्कांनी सांगितलं!"

अक्का बोर्डवरूनच ओरडल्या, "कॉमा? नानु हेळिल्लप्पा! स्वल्प इरी अंत हेळिदे!"

साहेबांनी माझ्याकडे पाहिलं. "अगं, कॉमा नाही, त्या 'जरा थांबा' म्हणाल्या."

जरा थांबा! माझे कान तापले. गेली नोकरी, असं वाटलं, आणि त्याच क्षणी मला असं काही हसू फुटलं की टेबल धरावं लागलं. मग अक्का हसल्या, मग सगळं ऑफिस. साहेब चष्मा काढून डोळे पुसत होते.

"म्हणजे तुला कन्नड येत नाही आणि मोडेमही कळत नाही."

"नाही सर," मी हुंदके देत हसत म्हणाले.

"सरी, ठीक आहे," म्हणत ते माझ्या खुर्चीवर बसले आणि जन्मात पहिल्यांदा त्यांनी ती फाइल उघडून तिच्यात टाइप केलं. मी त्यांच्या खांद्यावरून वाचलं: 'उपाय बरोबर आहे. तो का चालतो हे लिहिणारीला माहीत नव्हतं. तिला ठेवून घेतलं आहे, शिकेल.'