केबलच्या डब्यावरचं दही

आमच्या घरातला केबलचा डबा शेवटची दोन वर्षं फक्त दही लावण्यापुरता उरला होता. टीव्हीखालच्या कपाटावर तो चोवीस तास कोमट असायचा. जर्सी सिटीच्या थंडीत, अकराव्या मजल्यावर, खिडकीच्या फटीतून वारा शीळ घालत असताना दही लावून दाखवा, मग बोला. कुणी ओव्हनमधला दिवा लावून ठेवतं, कुणी भांडं स्वेटरमध्ये गुंडाळतं. मी आपली दुधाला विरजण लावलं की स्टीलचं भांडं त्या डब्यावर ठेवायची, वर ताटली झाकायची, आणि सकाळी दही असं घट्ट की चमचा उभा राहावा.

लाइव्ह टीव्ही मात्र कुणी बघत नव्हतं. मालिका मी फोनवर बघते, तीही भाजी चिरताना. मॅच नवरा लॅपटॉपवर बघतो. लेकीला तर लाइव्ह टीव्ही ही कल्पनाच कळत नाही. "आई, व्हॉट डू यू मीन, आठ वाजता लागतं?" असं तिनं एकदा अगदी मनापासून विचारलं होतं. नवऱ्याचं पालुपद ठरलेलं: "कॅन्सल कर ते. कोण बघतं?" मी म्हटलं, "आणि दही?" की तो कपाळावर हात मारून घ्यायचा.

दही हे सांगायचं कारण होतं. खरं कारण सांगायची मला लाज वाटत होती. ते कनेक्शन माझ्या नावावर होतं.

लग्न होऊन मी इथे आले ती डिपेंडंट व्हिसावर, म्हणजे नोकरी करायची परवानगी नाही. पुण्यात टीम लीड होते, माझ्या हाताखाली नऊ माणसं होती, आणि इथे मी एका माणसाची बायको. घराचं लीज त्याच्या नावावर, बँक त्याची, गाडी त्याची, विजेचं बिलसुद्धा त्याचं. ड्रायव्हिंग लायसन्स काढायला गेलो तर काउंटरवरच्या बाईनं पत्त्याचा पुरावा मागितला. आम्ही फाइल उघडून एकेक कागद पुढे सरकवत होतो आणि ती बोट ठेवून सांगत होती, "हे त्यांचं नाव. हेही त्यांचं. तुमचं काय आहे?" माझं काहीच नव्हतं. मी इथे राहते हे सांगायला एवढ्या मोठ्या देशात एक चिठोरं नव्हतं. परतताना गाडीत मी रडले. नवरा नुसता समोर बघून गाडी चालवत राहिला, आणि त्याचाही मला तेव्हा भयंकर राग आला.

घरी आल्यावर त्यानं फोन माझ्या हातात दिला आणि म्हणाला, "केबल घ्यायचीच आहे. तू घे, तुझ्या नावावर."

मग मी पलीकडच्या माणसाला माझं नाव एकेक अक्षर फोडून सांगितलं. त्याला प्रत्येक अक्षराला उदाहरण हवं होतं, आणि मला ऐन वेळी सुचलं ते "पी फॉर पोहे". त्या बिचाऱ्यानं दोनदा विचारलं, "पी फॉर व्हॉट?" पण महिन्याभरात लिफाफा आला, त्याच्या छोट्या खिडकीतून माझं आख्खं नाव दिसत होतं, खाली पत्ता. ते बिल घेऊन आम्ही पुन्हा लायसन्सच्या ऑफिसात गेलो. त्या बाईनं त्यावर बोट ठेवलं आणि म्हणाली, "गुड." पुढे त्या बिलाचं काय झालं कोण जाणे. त्यानंतर तीन घरं बदलली, त्यात कुठेतरी गेलं असणार.

अशी ती गोष्ट. पंधरा वर्षं झाली. मधल्या काळात मला वर्क परमिट मिळालं, नोकरी लागली, लीजवर दोघांची नावं आली. तरी केबल बंद करायची म्हटलं की मी दह्याचं निमित्त पुढे करायची. वेडेपणा आहे, मला कळत होतं. कळलं म्हणून वळतं थोडंच!

गेल्या दिवाळीनंतर नवऱ्यानं वैतागून स्वतःच फोन लावला. स्पीकरवर. मी पोळ्या लाटत होते. पलीकडून बाई म्हणाली, खातेदाराशी बोलायला हवं. तो म्हणाला, मी तिचा नवरा. बाई म्हणाली, सॉरी सर, तुमचं नाव अकाउंटवर नाही. तो म्हणाला, पण पैसे मी भरतो! बाई म्हणाली, थँक यू सर, पण तुमचं नाव अकाउंटवर नाही. खोटं कशाला बोलू, मला आनंदाच्या उकळ्या फुटल्या. इतकी वर्षं प्रत्येक काउंटरवर मी ज्याच्या मागे उभी राहिले तो माणूस आज कुणीच नव्हता. त्याचा चेहरा असा पडला की मी त्या दिवशी त्याला तूप जास्त वाढलं.

मग लाजेकाजेस्तव मीही एकदा फोन केला. पण आपल्याकडे "नको" म्हणायची एक पद्धत आहे. पाहुणा नको म्हणतो, आपण तिसरी पोळी वाढतो, तो ती खातो. पलीकडचा मुलगा इतका गोड बोलत होता की सरळ नाही म्हणणं मला उद्धट वाटलं. मी म्हणाले, "बघते, विचार करून सांगते." त्यानं होकार समजून सिनेमाचे चाळीस चॅनल वाढवले. नवरा हसून हसून सोफ्यावर आडवा झाला. "कॅन्सल करायला गेली आणि जेवून आली!"

जानेवारीत एका शनिवारी सकाळी दारावर टकटक झाली. वरच्या मजल्यावर नवीन आलेली मुलगी, पंचवीस-सव्वीसची, हातात वाटी. "काकू, थोडं विरजण मिळेल का?"

काकू! मी बेचाळीस वर्षांची आहे. पण वाटी पुढे करून उभ्या असलेल्या मुलीवर किती रागावणार. आत ये म्हटलं. ती नागपूरची, लग्न होऊन दोन महिने झालेले. भांडं केबलच्या डब्यावर बघून तिला हसू आलं. "काकू, अजून केबल आहे तुमच्याकडे?"

"दही लागतं," मी म्हणाले. आणि विषय बदलायला विचारलं, "ड्राइव्ह करतेस का?"

तिचं हसू गेलं. "लायसन्सचं दोन हप्त्यांपासून ट्राय करून राहिले नं मी. माझ्या नावाचा एकही कागद नाही म्हणतात. तिकडे मी कॉलेजात शिकवत होते, काकू. इथे मी..." ती हातातली वाटी फिरवत राहिली.

मी तिला खुर्चीवर बसवलं. चहा टाकला. आणि त्या वाटी घेऊन आलेल्या मुलीला सगळं सांगून टाकलं: काउंटर, ती बाई, पी फॉर पोहे, आणि मी अजून तो डबा का ठेवलाय ते, जे नवऱ्यालाही पंधरा वर्षांत सांगितलं नव्हतं. नवरा पलीकडे लॅपटॉपमध्ये डोकं घालून बसला होता. मला वाटलं, ऐकत नाहीये.

"केबल नको घेऊस," मी तिला म्हटलं. "आता इंटरनेट. तुझ्या नावावर. आत्ता, इथे बसून."

तिनं फोन लावला. नाव सांगताना अडखळली, माझ्याकडे बघितलं, मी मान हलवली. "व्ही फॉर वांगं," ती म्हणाली, आणि आम्ही दोघी तोंडावर हात ठेवून हसलो. तिच्या डोळ्यांत पाणी होतं, माझ्याही.

ती गेल्यावर मी टेबलावरचं टपाल उचललं. बँक, ऑफिसचा विमा, दाताचा डॉक्टर, सगळीकडे माझं नाव. एवढे कागद येतात की मी न उघडताच फाडते. कसल्या डब्याला धरून बसले होते मी! सोमवारी फोन केला. या वेळी चाळीस चॅनल देऊ केले तेव्हा एकदाच म्हणाले, "नको." पुन्हा वाढलेली पोळी तशीच ताटात राहू दिली. बुधवारी डबा परत करून आले. त्या आठवड्यातलं दही अदमुरं झालं, नवऱ्यानं साखर घालून मुकाट्यानं खाल्लं.

फेब्रुवारीत ती मुलगी पुन्हा आली. या वेळी वाटी नव्हती, लिफाफा होता, न उघडलेला. "काकू, आलं." खिडकीतून तिचं आख्खं नाव दिसत होतं. आम्ही दोघी दारातच उभ्या राहून ते बघत होतो.

"जपून ठेव," मागून नवरा म्हणाला. तो आतून पासपोर्टची फाइल घेऊन आला होता. "काम झालं की टाकू नकोस. असं ठेवायचं, हे बघ."

त्यानं फाइल उघडली. आमचे पासपोर्ट, लग्नाचा दाखला, लेकीचा जन्मदाखला, आणि त्यामागच्या प्लास्टिकच्या कव्हरात एक पिवळट पडलेला कागद. केबलचं पहिलं बिल. माझं नाव, खाली त्या पहिल्या घराचा पत्ता.

मला रडू फुटलं, आणि रागही आला. "पंधरा वर्षं हे जपलंस? मग बंद कर, बंद कर म्हणून माझं डोकं का खात होतास?"

"अगं, पण टीव्ही कोण बघत होतं?" तो म्हणाला.