धरनाचा भोंगा

ओल्या शेवाळाचा वास आला की लेक कुठं हाय ते मी आधी बघते. लेक तीन वर्साची हुती तवा आमी धरनाखालची मोठी बाग बघाया गेल्तो, नवरा, मी आन ती. सगळी बाग पायी हिंडलो आन दमून नदीच्या कडंला बसलो. पानी घोट्याएवढंच. लेक खडकावर बसून पाय बुडवत हुती, मी भाकरीचं फडकं सोडत हुते, तेवढ्यात भोंगा झाला. आमी ऊसतोडीची मानसं, कारखान्याच्या भोंग्यावर जेवनारी. मी म्हनलं, "अवो, पाळी बदलली, जेवा आता." नवरा हसला, "हितं कुठला कारखाना गं, येडे?" तवर वरनं पेरू इकनारी म्हातारी वरडली, "अगं ए बाई! धरनाचा भोंगा हाय त्यो, पानी सोडत्यात! पोर उचल!" मी पळाले, शेवाळावर घसरले, गुडघं फुटलं, तशीच रांगत गेले आन पोरीचा झगा धरून वढली. नवऱ्यानं आमा दोघींना वर घेतलं आन मागं बघतो तर खडकच दिसंना, नुसतं फेसाचं पानी धावतंय. मी पोरीला छातीशी आवळून धरलीया आन ती खिदळत म्हनती, "आई, परत!" तिला वाटलं मी खेळतीया. तिला त्यातलं आता काईच आठवत न्हाई. औंदा म्हनली, "मला पोहाया शिकायचंय." मीच भावाला शिकीव म्हनलं. रोज इहिरीच्या काठावर उभी ऱ्हाते, आन तिचं डोकं पान्याच्या वर येईस्तवर माझा श्वास अडकून ऱ्हातो.