खारात पडलेलं छप्पर

आन्सेल्मकाकाला बसलेलं मी फक्त चर्चमध्ये पाहिलंय, आणि तिथंही त्याचा गुडघा हलत असे. धंदा टोप्यांचा, पण सहा वर्षं जीव एका लाकडी पेटीत. पेटीला पुढं भिंग, आत चांदीचा क्षार फासलेला कागद. दिवसभर खिडकीत ठेवली की समोरच्या कातडेवाल्याचं छप्पर कागदावर उतरायचं. उतरायचं, पण टिकायचं नाही. उजेड लागला की कागद काळा ठिक्कर. म्हणून पाहुण्यांना कपाटात डोकं घालून मेणबत्तीवर छप्पर बघावं लागे. आमचं साओन नदीकाठचं गाव म्हणे, खिडकीतून फुकट दिसतं की!

शेवटी ओदिलकाकूनं मुदत घातली. "सेंट मार्टिनच्या सणापर्यंत चित्र उजेडात टिकलं तर ठीक. नाहीतर पेटी चुलीत, तुम्ही टोप्यांपाशी."

काकानं व्हिनेगर लावून पाहिलं, लसणाचा रस लावून पाहिला. कागदाला चटणीचा वास आला, बाकी काही नाही.

सण उजाडला. आमच्याकडं त्या दिवशी हिवाळ्यासाठी डुक्कर कापतात. अंगणात काकू पिंपात मांस खारवत होती, मी मीठ ओतत होतो. काका छप्पर उतरलेला शेवटचा कागद उजेडापासून पुस्तकात दडवून येरझाऱ्या घालत होता.

"अहो, पायात येऊ नका! खार ढवळा जरा."

काका पिंपावर वाकला, पुस्तक उघडलं, कागद खारात.

"दार लावा! उजेड! दार लावा!"

"अंगणाला दार कुठलं लावू?" काकू म्हणाली.

काका तोंड झाकून पायरीवर बसला. बसला! मला भीतीच वाटली.

तासाभरानं काकूनं मांसाखालून कागद ओढला. भर उन्हात धरला. छप्पर जागच्या जागी. थोडं फिकं, आभाळ काळं, कौलं पांढरी, पण होतं.

"हे उलटंच आलंय की," काकू म्हणाली.

"पण टिकलं ना? ओदिल, टिकलं ना?"

काकूनं पिंपाकडं पाहिलं. चांदीचा क्षार उतरलेलं मांस कोण खाणार? अख्ख्या हिवाळ्याची बेगमी होती ती.

"टिकलं," ती म्हणाली. "पेटी राहू द्या. मांस पुरून या."

त्या हिवाळ्यात दोघं सलगम खाऊन राहिली. काका मात्र सणाच्या दुपारीच खाटकाकडं धावला होता: खारात मीठ नेमकं किती घालतोस म्हणून.